चौदा दिवसांचा खोटा उपवास

वर्ध्याच्या डॉक्टरांकडचा वजनकाटा माझ्या पायाखाली संपला. सुई फिरत फिरत एकशे तीसच्या शेवटच्या रेघेवर गेली आणि तिथंच अडून बसली. डॉक्टरांनी वाकून पाहिलं, मग सरळ होत म्हणाले, "उतरा शेठ. माझा काटा इथंच संपतो."

मी तळेगावचा किराणा-धान्याचा दुकानदार. अख्खा जन्म लोकांना मोजून देण्यात गेला. आणि मला मोजायला काटा नाही म्हणजे काय? खरं सांगतो, आधी मला रागच आला. डॉक्टरांचा नाही, काट्याचा.

तसा मी वजनाचं विचारायला गेलोच नव्हतो, गेलो होतो झोपेचं विचारायला. दुकानात बसल्या बसल्या डोळा लागायचा. एकदा तर साखर तोलता तोलता झोपलो. साखरेचं माप हातात, पारडं अर्धं भरलेलं, आणि समोर उभी म्हातारी हसून म्हणते, "शेठ, उरलेली साखर सपनात देता का?" घरी मंदा, माझी बायको, म्हणायची की तुम्ही घोरता घोरता मधेच गप्प होता, मला भीती वाटते. डॉक्टरांनी त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हटलं. झोपेत श्वास मधे मधे थांबतो, म्हणून रात्रभर झोपूनही झोप होत नाही, आणि ती मग दिवसा वसूल होते. शुगर होतीच, बीपी होतं, गुडघे होते. कागदावर सगळ्यात वर त्यांनी लिहिलं, मॉर्बिड ओबेसिटी. मी विचारलं, याला मराठीत काय म्हणायचं? ते म्हणाले, "जिवावर उठलेला लठ्ठपणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नसताना शटर अर्धं खाली ओढलं आणि पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर उभा राहिलो. वजनं मंदानं टाकली. एकशे अडतीस! एक पोतं तूर, आणि वर अडतीस किलो. मी मोठ्यानं हसलो. मंदा हसली नाही, म्हणून मग मीही थांबलो आणि तिथंच पोत्यावर बसलो.

ही दोन हजार आठ सालची गोष्ट. माझं वय तेव्हा सत्तेचाळीस. वजन कमी करायचं ऑपरेशन असतं हे आमच्याकडे कुणाला ठाऊकही नव्हतं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी नागपूरच्या सर्जनचा पत्ता दिला.

तिथली पहिली आठवण बाकड्याची आहे. दवाखान्यातल्या खुर्च्यांना दोन्हीकडून हात असतात. माझ्यासारखा माणूस त्यात बसतो तर खरा, पण उठताना खुर्ची सोबत येते. इथं वेटिंग रूममध्ये बिनहाताचं रुंद, मजबूत बाकडं होतं. शेजारी माझ्यासारखेच दोघं बसलेले. कुणी कुणाकडे टकमका पाहत नव्हतं. माझं अर्धं मन तिथंच तयार झालं.

सर्जननी चित्र काढून समजावलं. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकायचा आणि उरलेल्याची केळाएवढी नळी ठेवायची. ऑपरेशन दुर्बिणीचं, पोटावर चार-पाच छोटी भोकं. जेवण थोडं जातं, भूकही कमी लागते. "पण ही जादू नाही," ते म्हणाले. "गोळ्या जन्मभर, तपासण्या जन्मभर, आणि घास बत्तीस वेळा चावायचा." मग तपासण्या सुरू झाल्या. रक्त, ईसीजी, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे टू डी इको, घशातून नळी घालून जठर पाहायची एंडोस्कोपी, आणि अंगाला वायरी लावून झोपवतात ती स्लीप स्टडी. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. मी म्हटलं, माझं डोकं ठीक आहे हो. ते म्हणाले, "डोकं ठीक आहे का ते पाहत नाही. तुम्ही केव्हा केव्हा खाता ते सांगा." एक तास बोललो. भूक नसतानाही मी किती खातो ते स्वतःच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

शेवटी दोन गोष्टी उरल्या. पहिली लिव्हरची. सर्जन म्हणाले, "तुमचं लिव्हर चरबीनं फुगलं आहे आणि जठरावर पडून आहे. चौदा दिवस फक्त पातळ आहार घ्यायचा, म्हणजे ते आकसेल आणि मला जागा मिळेल. आकसलं नाही तर दुर्बीण घालून बघीन आणि काही न करता परत येईन."

दुसरी गोष्ट अशी, की घरात कुणाकुणाला सांगायचं ते ठरवा. "सगळ्या गावाला सांगायची गरज नाही. पण ज्यांच्या हातचं जेवता, त्यांना सांगा."

हेच वाक्य मी नीट ऐकलं नाही.

परतताना एसटीत मी आणि मंदानं ठरवलं. मंदाला माहीत होतंच. गुलाबला सांगायचं. गुलाब माझा शाळेपासूनचा दोस्त, दुकानासमोर त्याचं हॉटेल आहे आणि आलूबोंडा तळावा तर त्यानंच. चार दिवस दुकानाकडे बघायला तोच लागणार होता. बाहेरगावच्या बहिणीला नंतर सांगू. आणि मायला मुळीच सांगायचं नाही.

माय म्हणजे माझी आई. तेव्हा बहात्तर वर्षांची, वजन एक्केचाळीस किलो. माझे बाबा त्याच्या बावीस वर्षं आधी नागपुरात पोटाच्या ऑपरेशननंतर गेले. तेव्हापासून घरात कुणी 'ऑपरेशन' हा शब्द काढला की माय उठून आत जायची. आम्ही समजलो, घाबरते. माझं ऐकून तिचं काही बरंवाईट झालं तर? म्हणून तिला नागपूरहून परतल्यावरच सांगायचं ठरलं.

पण चौदा दिवस ताक, डाळीचं पाणी, भाजीचं सूप आणि प्रोटीनच्या पावडरचं बिनसायीचं दूध, हे मायच्या नजरेसमोर कसं प्यायचं? स्वयंपाक मंदा करायची, पण माझं ताट वाढायची मायच. पोळीवर तूप किती, हे तिच्या हातानंच ठरायचं.

मला वाटलं आपण फार हुशार. मी मायला म्हटलं, "नवस बोललो हाये. चवदा दिवस फक्त पातळ घेईन."

"कशाचा नवस?"

"थो सांगत नसते ना माय!"

नवस कशाचा ते फेडेपर्यंत सांगायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. पुढचे सगळे प्रश्न बंद. गुलाबला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "शेठ, तुमचं डोकं जठरापेक्षा मोठं हाये." मी खूश झालो. अरे, पण किराणा दुकानदारालाच कळू नये? एकादशी दुप्पट खाशी! उपासाच्या आदल्या दिवशी साबुदाणा, भगर, शेंगदाणे किती खपतात ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

मायनं शेजारी सांगितलं, शेजारणीनं बाजारात. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे जे चार दिवसांत पसरलं असतं ते दुपारपर्यंत पसरलं. शेठनं चौदा दिवसांचं धरलं! आणि घरी येऊ लागलं. साबुदाण्याची उसळ आली, ती मी सोडली, कारण पातळ नाही. मग लोकांनी पातळच आणलं. साबुदाण्याची खीर, शेंगदाण्याची आमटी. संत्र्यांचे दिवस होते. बागवाल्यांनी टोपल्या आणून ठेवल्या आणि मायनं रस काढून वर साखर टाकली, अशक्तपणा येऊ नये म्हणून. एकानं बासुंदी आणली. मी म्हटलं, नाही चालत. तो म्हणाला, "काऊन? पातळच तं हाये!"

उपवासाला कुणी प्रेमानं आणलेलं नाही म्हणायचं, म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावायचं. निदान घोटभर घ्यावंच लागतं. आणि घोटभर घेतल्यावर माझा हात पेल्याच्या तळापर्यंत जातोच, हे मानसोपचाराच्या डॉक्टरांना मी स्वतःच सांगितलं होतं. चौथ्या दिवशी शटर अर्धं ओढून काट्यावर चढलो. वजन पावशेर वाढलं होतं. उपवास धरून वजन वाढवणारा मी तालुक्यात एकटाच असेन. मंदा कपाळावर हात मारून म्हणाली, "तुमच्यानं उपास नाई होत, उपासाचं सोंगही नाई होत."

सहाव्या दिवशी सकाळी माय तुळशीजवळ चक्कर येऊन पडली.

गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बीपी पाहिलं, सलाईन लावलं आणि विचारलं, "आजी, काल काय खाल्लं?"

माय म्हणाली, "ताक."

"आणि परवा?"

"ताकच. पोराचा उपास चालू हाये. थो पानी पिऊन राह्यला अन् मी कशी भाकर खाऊ? मीबी धरला मंग."

मी तिथं उभा होतो. माझं अख्खं एकशे अडतीस किलोचं अंग जमिनीत जावं असं वाटलं. पाच दिवस ती माझ्यासाठी उपाशी होती. मी इकडे बासुंदी पीत होतो, तिकडे माझ्या खोट्या नवसाला ती खरं बळ देत होती. मंदाच्या कसं लक्षात आलं नाही म्हणाल, तर माय नेहमी सगळ्यांच्या मागून चुलीजवळ बसून जेवायची. कोण पाहतं?

डॉक्टर बाहेर गेले आणि मी स्टूल ओढून बसलो. रडायला येत होतं. रडतच सगळं सांगितलं, काट्यापासून लिव्हरपर्यंत. नवस नाही, ऑपरेशन आहे म्हटलं. मला वाटलं, आता ती तोंड फिरवेल.

तिनं विचारलं, "किती दिस झाले ठरवून?"

"दीड महिना."

"मंदाले माईत हाये?"

"हओ."

"गुलाबले?"

"...हओ."

"गुलाबले माईत हाये," ती म्हणाली. "हॉटेलवाल्याले माईत हाये. अन् मले नाई."

मग ती बाबांचं बोलली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. बाबांचं पोट आठ दिवस दुखत होतं. कापसाचे दिवस होते, घरच्यांना घोर कशाला म्हणून त्यांनी फक्त एका दोस्ताला सांगितलं. मायला म्हणाले, माल आणायला वर्ध्याला जातो. गेले नागपूरला.

"मी घरी भाकरी थापून राह्यलती," माय म्हणाली. "चार भाकरी केल्या त्याईच्या नावाच्या. झाकून ठेवल्या. मंग जीप आली." तिनं मोकळ्या हातानं माझा हात धरला. "ऑपरेशननं नाई गेले तुहे बाबा. उशीर केला म्हनून गेले. मले सांगतलं असतं तं पह्यल्याच दिशी लोटत नेलं असतं म्या. मी ऑपरेशनले नाई भेत रे बाबू. न सांगन्याले भेतो."

मी पुन्हा रडू लागलो. तीच म्हणाली, "आता रडनं पुरे. अन् लिवर म्हंजे काय ते नीट सांग मले."

मी नागपूरला फोन लावला आणि आहाराच्या मॅडमना सगळं खरं सांगितलं, बासुंदीसकट. आधी त्या हसल्या, मग मला झापलं, मग सर्जनशी बोलून ऑपरेशन पुढे ढकललं. चौदा दिवस पुन्हा पहिल्यापासून. सर्जन फोनवर म्हणाले, "टेबलावर कळण्याआधी तुम्ही सांगितलंत, हे फार बरं झालं."

दोन दिवसांनी पोटभर भाकरी-भाजी खाऊन, मायनं काउंटरजवळ स्टूल मांडलं. येईल त्या गिऱ्हाइकाला ती सांगायची, "उपास गिपास काई नाई. शेठचं पोटाचं ऑपरेशन हाये. लिवर बारीक कराचं हाये. कोनी काई आनाचं नाई."

मी म्हटलं, "माय, अख्ख्या गावाले कायले सांगतं?"

"उपासाचं अख्ख्या गावाले सांगतलं तेव्हा नाई लाजला?"

आता लोक काय म्हणाले तेही सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाला ही वेळ आली तर सगळ्यात मोठी भीती हीच असते. एक जण म्हणाला, तोंडाला कुलूप लावा ना, पोट कायले कापता? एकानं सकाळी कोमट पाण्यात लिंबू घ्यायला सांगितलं, जसं काही मी ते कधी ऐकलंच नव्हतं. बहीण फोनवर रडली, मग भांडली, मग यायला निघाली. दोन दिवस फार लागलं मनाला. तिसऱ्या दिवशी लोकांना दुसरा विषय मिळाला. उलट गाव माझी राखण करू लागलं. मी नुसता रस्ता ओलांडला तरी गुलाब कढईसमोर आडवा उभा राहायचा, "मांगं फिरा शेठ." आणि एक मास्तर, जे कधी तेलाशिवाय दुसरं बोलले नव्हते, दुकान रिकामं पाहून आले आणि हळूच म्हणाले, "माझ्या मिसेसचं वजन एकशे पंधरा आहे. पत्ता द्याल?" मी सर्जनचा नंबर लिहून दिला. सांगितलं नसतं तर ते कुठं गेले असते?

ते चौदा दिवस सोपे नव्हते. पहिले तीन दिवस डोकं दुखलं आणि मी सगळ्यांवर खेकसलो. चौथ्या दिवशी भूक जरा समजूतदार झाली. डाळीचं पाणी आता मायच आणायची, वाटीत मोजून, आणि माझ्यासमोर बसून स्वतः भाकरी खायची. "तू पी, मी खातो," म्हणायची. चौदाव्या दिवशी पोत्यांच्या काट्यावर चढलो. एकशे बत्तीस. वजनं मायनं स्वतः दोनदा तपासली. दुकानदाराची बायको होती ती.

ऑपरेशनच्या सकाळी माय नागपूरला आली. पिशवीत माळ, चादर, आणि तिच्या स्वतःच्या दोन भाकऱ्या. मला आत नेताना तिनं कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "जाय. मी हाये इथं." माझी भीती तिथंच निम्मी झाली.

जाग आली तेव्हा घसा कोरडा होता, पोट जड होतं. सर्जन म्हणाले, "लिव्हर छान आकसलं होतं. जागाच जागा!" संध्याकाळी नर्सनं धरून चार पावलं चालवलं. दुसऱ्या दिवशी पाणी मिळालं, बाटलीच्या झाकणाएवढं, पाच पाच मिनिटांनी. एवढंसं पाणी इतकं गोड लागतं हे मला माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी घरी आलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. पहिला महिना कठीण गेला. घाईत खाल्लं की उलटी व्हायची, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळले. पण श्वास थांबायचा थांबला. दुकानात आता मी जागा असतो, ती म्हातारी म्हणते, "आता सपनात साखर भेटत नाई, बाप्पा!" शुगरची एक गोळी डॉक्टरांनी बंद केली, दुसरी अर्धी केली. वर्षभरानं ब्याण्णव किलो झालो. वर्ध्याच्या डॉक्टरांकडे मुद्दाम गेलो आणि त्यांच्या काट्यावर उभा राहिलो. सुई मधेच थांबली. त्यांनी माझी पाठ थोपटली.

सर्जनचे, आहाराच्या मॅडमचे, नर्सबाईंचे उपकार आहेतच. मंदाचे तर किती सांगू. माझ्यासारखं कुणी तपासणीचे कागद मांडीवर घेऊन बसलं असेल तर त्यांना एवढंच सांगतो, ऑपरेशन करायचं की नाही हे तुमचे डॉक्टर सांगतील. कुणाला सांगायचं ते मात्र तुम्हालाच ठरवायचं आहे. ज्यांना घोर लागेल म्हणून आपण यादीतून वगळतो, त्यांची नावं एकदा परत बघा.

हे मी आज म्हणतो ते एका गोष्टीमुळे. मंदानं ती मला पुष्कळ महिन्यांनी सांगितली. मी आत असताना माय त्या बिनहाताच्या रुंद बाकड्यावर तीन तास बसली होती. ताठ, माळ हातात, नजर दारावर. मंदा म्हणाली, जरा आडवे व्हा, चहा तरी घ्या, मी आहे ना इथं. तर माय म्हणाली, "राहू दे वं. त्याईच्या वक्ती मले बाहेर बसाले नाई भेटलं. आता भेटलं हाये, तं बसू दे."